गुळ्या आणि शाळेचा टोल

कुत्र्यावर लेख लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घराण्यात लिहिणारा मी पहिलाच. वडील कापूस पिंजतात, मामू घोड्यांना नाल ठोकतात. दोघांच्या मते कॉलेजात जाणाऱ्याने लिहायचंच असेल तर दरबाराला अर्ज लिहावेत, नाहीतर गल्लीतल्या लोकांची पत्रं. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत त्यांनी ललित लिहावं, असं मलाही वाटतं. त्यात विषय कुत्र्याचा. वर्गातल्या मित्रांनी सूर्यास्त, मैत्री, कर्तव्य असे विषय घेतले आहेत. मीही कर्तव्यावर लिहायला बसलो होतो, पण चार ओळी झाल्या की गुळ्या मध्ये यायचा. खोडलं, पुन्हा सुरू केलं, तरी पुन्हा तो आलाच. शेवटी म्हटलं, एकदाचं त्याच्यावरच लिहावं आणि मोकळं व्हावं.

आज सकाळीही शाळेचा टोल ऐकू आला. यंदाही गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, यंदाही अर्धं कोल्हापूर थंडीत माळावर झोपड्या घालून राहिलं, आणि शिमगा उलटल्यावर घरी परतलं. गल्लीत चुन्याचा आणि फिनेलचा वास आहे. घरात ऊन पडावं म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून कौलं उतरवलेली आहेत. चुलीवर ऊन, कोनाड्यात ऊन, गोधड्यांच्या घडीवर ऊन. घरात बसलं की डोक्यावरून जाणारी घार दिसते. बायका भांडी घासताना वर बघून हसतात. मुलांना तर ही मोठीच गंमत वाटते.

आणि मग टोल पडतो. रुळाच्या तुकड्यावर लोखंडाचा घाव, मग त्याची लांबत जाणारी कणकण. लोकांना तो ऐकून बरं वाटतं. शाळा भरली, म्हणजे गाव भरलं. मला मात्र राग येतो. कुणाचा येतो ते विचाराल तर सांगता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

गुळ्या आमच्याकडे आला त्या वर्षी मी कॉलेजात नुकताच आलो होतो. आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडे, नदीकाठी. कोल्हापुरात मी मामूंकडे राहतो. मामूंचं घर पागेजवळ. दारात घोडे बांधलेले, ऐरणीचा आवाज, आणि तासलेल्या खुरांचा तो वास, जो माझ्या कोटाला कायम असतो आणि ज्यावरून वर्गात मला चिडवतात. मामूंना दोन मुलं. रशीद मोठा, जैबू धाकटी. (घरात आम्ही दखनी बोलतो; इथे मी ते बाहेरच्या कोल्हापुरी बोलीत लिहितो आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल.) या दोघांना शाळेत घालण्यासाठी मी मामूंच्या किती विनवण्या केल्या होत्या. महाराज सरकारांनी सगळ्या जातींच्या पोरांना शाळा मोकळ्या केल्या आहेत, आपणच मागे का राहायचं, असं मी भाषणात बोलल्यासारखं बोललो. मामू खूर तासत होते. मान वर न करता म्हणाले, "शिकून काय, घोड्याला वाचून दाखवायचं हाय व्हय त्यानं?" पण घातलं. आणि घातल्यावर थोड्याच दिवसांत गाठीचा ताप आला, शाळा बंद झाली, आणि आम्ही माळावर गेलो.

माळावरची ती थंडी अजून अंगात आहे. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, वारा सुटला की सगळी वस्ती सळसळायची. जवळच एक गुऱ्हाळ चालू होतं. दिवसभर उकळत्या रसाचा गोड, जड वास. त्या गुऱ्हाळावर मुलांना हा कुत्रा सापडला. रिकामी काहील चाटून चाटून त्याच्या तोंडाला, मिशांना, एका कानाला गूळ चिकटला होता आणि वर माती. रंगही गुळाचाच. म्हणून गुळ्या. मुलांना म्हणजे आमची दोघं आणि शेजारच्या झोपडीतल्या शिंप्याचा बाळू. बाळूला आई नव्हती. तो सकाळी आमच्याच चुलीपाशी यायचा, मुमानी, म्हणजे माझी मामी, त्याला भाकरी द्यायची, आणि मग ही तिघं आणि तो कुत्रा माळभर असायची.

रोज सकाळी डॉक्टर घोड्यावरून यायचे. ते आले की बाभळीला टांगलेल्या रुळावर टोल पडायचा आणि सगळ्यांनी झोपड्यांतून बाहेर येऊन ओळीनं उभं राहायचं. डॉक्टर काखेत बघायचे, डोळे बघायचे, पुढे जायचे. मोठी माणसं यायची. मुलं कुठली यायला? ती ओढ्यात, नाहीतर गुऱ्हाळावर. मुमानी ओरडून ओरडून दमायची. मग हे काम गुळ्यानं घेतलं. टोल पडला की तो उठायचा, वाऱ्यासारखा जायचा, आणि शर्टाचं टोक, ओढणीचा पदर, जे दातात येईल ते धरून पोरं आणायचा. तिघं ओळीत आली की मुमानी त्याला भाकरीचा तुकडा टाकायची आणि म्हणायची, "ह्यो बघ, सरकारी शिपाई." डॉक्टरसुद्धा हसायचे.

एक दिवस टोल पडला आणि बाळू बाहेर आला नाही. गुळ्या शिंप्याच्या झोपडीच्या तोंडाशी उभा राहून भुंकत राहिला. आत जायचा, बाहेर यायचा. झोळी घेऊन माणसं आली तेव्हा त्यांच्याही अंगावर गेला. त्याला मी धरून ठेवला. बाळूला ओढ्यापलीकडच्या इस्पितळात नेलं. तिथून तो आला नाही. शिंपी मग झोपडी मोडून मुलखाला निघून गेला. आमच्या दोघांनी बाळूबद्दल काही विचारलं नाही, आणि आम्हीही काही सांगितलं नाही. त्या दिवसांत असंच चालायचं. जो तो आपापल्या काळजीत होता.

मग ऊन तापलं, ताप ओसरला, आणि आम्ही घरी आलो. कौलं उतरवलेली, भिंतींना नवा चुना. मुलांच्या पाट्या मी वाळूनं घासून काढल्या. शाळा भरायच्या दिवशी मुमानीनं दोघांना धुतलेले कपडे घातले, जैबूच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की तिच्या भुवया वर चढल्या. मी त्यांना सोडायला गेलो. गुळ्या मागोमाग आला. यात मला वावगं काही वाटलं नाही.

टोल पडला. मुलं आत गेली. आणि गुळ्या मुलांतून वाट काढत वर्गात शिरला, रशीदचा शर्ट धरला आणि त्याला ओढत बाहेर अंगणात आणला. त्याला तिथे उभा करून मागच्या पडवीत मुलींच्या ओळीत गेला आणि जैबूला आणलं. मग अंगणभर फिरला, कुंपणाबाहेर जाऊन आला, आणि दोघांच्या भोवती भुंकत उभा राहिला. सगळी शाळा खिडक्यांना लागली. पोरं हसून हसून वाकडी झाली. रशीद शरमेनं लाल. हेडमास्तर बाहेर आले आणि मला म्हणाले, "हे तुमचं?" ते कुत्र्याबद्दल विचारत होते की मुलांबद्दल, ते मला कळलं नाही. मी "हो" म्हणालो.

पुढचे दिवस आठवले की अजून डोकं तापतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी त्याला समजावलं, रागावलो, एकदा हातात काठीही घेतली आणि ठेवून दिली. रशीदचा जुना शर्ट त्याच्या पोत्यावर अंथरला, वासानं तरी बसेल म्हणून. त्यानं शर्ट तोंडात धरला आणि शाळेत नेऊन रशीदच्या पायाशी टाकला. मामूंनी घोड्याचा पिछाडीचा दोर दिला. गुळ्यानं तो कुरतडला. मामू दोर हातात धरून बघत राहिले. म्हणाले, "घोडं तोडत न्हाई ह्यो दोर."

शिवाय सल्ले. पागेतला प्रत्येक मोतद्दार मला कुत्रं कसं शिकवावं ते सांगून गेला. एक म्हणाला उपाशी ठेव. एक म्हणाला भरपूर खायला घाल. एकानं मंतरलेला दोरा आणला. पखालवाला दाराशी थांबून हसायचा, "काय कालिजवाले, कुत्र्याची परीक्षा कवा हाय?" मी तेव्हा न्यायशास्त्रातली अनुमानं पाठ करत होतो. जिथे धूर तिथे अग्नी. पण जिथे टोल तिथे गुळ्या, यापुढे काय, हे त्या पुस्तकात नव्हतं.

मग एक दिवस जैबू म्हणाली, "भाई, त्यो टोल माळावरचाच हाय."

"म्हणजे?"

"त्योच रूळ. कडंचा टवका उडालाय बघ. माळावर न्हेलता, आता परत आणून टांगलाय."

जाऊन बघितलं. तोच होता. माळावर हाकाटीला काही हवं म्हणून शाळेचा रूळ नेला होता. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. माळावर टोल म्हणजे झोपडीतून बाहेर या. इथे टोल म्हणजे आत जा. कुत्र्यानं आधीचा धडा चोख केला होता, आणि आता आपण त्यालाच चूक म्हणत होतो. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही झाला नव्हता. मी तसाच हेडमास्तरांकडे गेलो आणि विनंती केली, की काही दिवस टोलाऐवजी हातातली घंटा वाजवता येईल का.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "एका कुत्र्यासाठी शाळेचा टोल बदलू?"

"कुत्र्याचा दोष नाही, सर. तोच रूळ माळावर होता, म्हणून त्याचा समज..."

"कॉलेजात हल्ली हे शिकवतात?" ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "हे बघा, तुमच्या गल्लीतून पहिल्यांदा दोन मुलं शाळेत आली आहेत. लोक बघताहेत. निमित्त देऊ नका."

ते वाईट बोलले नाहीत. मी तसाच घरी आलो. संध्याकाळी मामूंनीही तेच सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं. "कुत्रं तरी राहील न्हाईतर शाळा तरी. मायाप्पा येईपर्यंत बघ. न्हाई जमलं तर त्याच्या मेंढरांत देतो लावून." मायाप्पा धनगर. तट्टाला नाल मारायला तो दरवर्षी आमच्याकडे येतो. तो कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे आज, नाहीतर उद्या.

मी ठरवलं, गुळ्याला नवा धडा द्यायचा. घरी ऐरणीवर टोल वाजवायचा, मुलांनी आत जाऊन पाट्या घेऊन बसायचं, गुळ्याही आत येऊन बसला की तुकडा. पण आत कुठे? घरात कुत्रं येऊ देणं मुमानीला मान्य नव्हतं. जिथे नमाज होते, जिथे अन्न शिजतं, त्या छपराखाली कुत्रं येत नाही. त्यात माझंही दुमत नव्हतं. मी नुसता डोकं धरून बसलो. मुमानी ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं. बाहेरच्या खोलीवर कौलं अजून चढायची होती; भिंतींवर निळं आभाळ तेवढं होतं.

"छप्पर असतंय तवा घर," ती म्हणाली. "कौलं न्हाईत तवर ह्ये आंगणच की. बसू दे तिथं."

असा निवाडा कुठल्या न्यायाधीशानं दिला नसेल. आम्ही त्या बिनछपराच्या खोलीत शाळा भरवली. मी ऐरणीवर घाव घालायचा, रशीद आणि जैबू आत जाऊन बसायची, आणि गुळ्या दारात घुटमळायचा. एका बाजूला कौलं चढवायला आलेला गणपा काम करत असायचा. त्याची लहान लेक सोनी खोलीच्या कोपऱ्यात फुटकी कौलं वेगळी काढत बसायची आणि आमच्या पाट्यांकडे डोळे मोठे करून बघायची. जैबूनं तिला एक पेन्सिल दिली. मग सोनी कौलांवरच रेघा ओढायला लागली. आणि गुळ्या आला. मुलांभोवती एक फेरी मारली, लांब श्वास सोडला, आणि पाय पसरून झोपला. मी तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. टोल पडायचा, गुळ्या आत यायचा, झोपायचा. उन्हाच्या चौकोनात त्याचं पोट वरखाली व्हायचं. मी कॉलेजात मित्रांना पकडून हा प्रयोग सांगितला. मामूंनी त्याला खुराच्या तासलेल्या कपच्या दिल्या. त्या त्याला मिठाईसारख्या आवडायच्या. मामू खूष झाल्याशिवाय त्या देत नसत.

मग कौलं चढली. गणपा आपली हत्यारं आणि लेक घेऊन दुसऱ्या घरी गेला. मुमानीनंही मोठ्या मनानं सांगितलं की परीक्षेपुरतं एकदा बसू दे, मी नंतर सारवून घेते. मी ऐरणीवर टोल दिला. गुळ्या आत आला. मुलांभोवती फिरला, कोपऱ्यात गेला, तिथली जमीन हुंगली, वर नव्या कौलांकडे बघितलं, बाहेर गेला, गल्लीत जाऊन आला, आणि जैबूची ओढणी धरून तिला बाहेर ओढायला लागला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझी खात्री झाली: याला छपराचीच भीती आहे. झोपडीच्या छपराखाली माणसं आजारी पडतात हे त्यानं पाहिलंय. आता छप्पर मी कुठून काढू? शाळेचं छप्पर काढा म्हणून हेडमास्तरांना सांगू? मी ऐरणीपाशी तसाच बसून राहिलो. असा राग मला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर होतं कोण, तर शेपटी हलवणारा एक जीव.

दोन-चार दिवसांनी तो दोर तोडून शाळेत गेला. या वेळी रशीदचा शर्ट फाटला आणि गर्दीत एक पोरगं पायरीवरून पडून त्याचा गुडघा फुटला. हेडमास्तरांनी निरोप पाठवला: कुत्रं पुन्हा आलं तर ही दोघं येऊ नयेत. आणि त्याच आठवड्यात मायाप्पा आला.

मला वाटलं होतं मामू शाळा सोडवतील. त्यांना ते सोपं होतं. त्यांनी तट्टाचे चारी नाल मारले, पैसे घेतले नाहीत, आणि गुळ्याचा दोर मायाप्पाच्या हातात दिला. रशीद रडला तेव्हा म्हणाले, "रडू नको. सात आन् पाच किती सांग." रशीदनं हुंदके देत बारा सांगितलं. मामूंना सात आणि पाच किती ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते खाली बघून खिळे गोळा करत होते.

मुलं शाळेत जायला लागली. टोल पडायचा, ती आत जायची, कुणी ओढून काढायचं नाही. जमलं म्हणायचं. पण खुराच्या कपच्या ऐरणीखाली साठायला लागल्या आणि कुणी त्या झाडून टाकत नव्हतं. मी पास झालो, वरच्या वर्गात गेलो, इंग्रजी भाषणं वाचली, आणि तरी प्रत्येक टोलाला आत कुठेतरी चरफडलो. कारण मी सगळं बरोबर केलं होतं. आवाज ओळखला, कारण शोधलं, उपाय केला, आणि तो उपाय लागूही पडला. मग बिघडलं कुठे? कुत्रा सांगणार नाही. मायाप्पा पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गाठीच्या तापानं रस्ते बंद असायचे, मेंढरं कुठल्या रानात बसली आहेत याचा पत्ता नसायचा. गावाकडून वडील आले की मी विचारायचो. ते म्हणायचे, "धनगर काय एका जागी असतोय व्हय रे."

परवा मायाप्पा आला. केस पिकलेत, घोंगडं तेच. त्यानं तट्टू बांधलं, मुमानीला हाक मारली, "अक्का, पाणी दे," आणि ओट्यावर टेकला. मुलं शाळेतून नुकतीच आली होती. रशीद आता माझ्या खांद्याला लागतो. त्यानं दप्तरही खाली ठेवलं नाही.

"गुळ्या?"

"हाय की. त्याला काय धाड भरलीय." मायाप्पा पाणी पिऊन मिशा पुसत म्हणाला. "पण पयल्यांदा लई तरास दिला बरं का. माझी दोन पोरं. त्यांना धरून आणायचा, बसवायचा, आन् परत कायतरी हुडकत फिरायचा. मेंढरांकडं बघायचा न्हाई, खायाचा न्हाई. बायकू म्हणली सोडून द्या ह्याला."

"टोल ऐकला की करतो का तसं?" मी विचारलं. "की छपराखाली?"

"कसला टोल अन् कसलं छप्पर. धनगराला छप्पर असतंय व्हय?" तो हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "तवर माझी भन गेली, ह्याच गाठीच्या तापानं. तिचं पोरगं आणलं सांभाळायला. आन् काय सांगू, त्या दिसापास्नं गुळ्या गप. तिघं बसली की त्यांच्यात जाऊन पडतोय. एकजण जरी वढ्याकडं गेलं तरी उठतोय, त्याला घिऊन येतोय, मगच डोळं मिटतोय. तीन लागत्यात त्याला. दोनाला ऐकत न्हाई. कुत्र्याला मोजायला कुणी शिकवलं? तूच की काय रं, कालिजवाला?"

मामूंच्या मांडीवर तट्टाचा पाय होता. हातोडी वरच थांबली. मला बिनछपराच्या खोलीचा तो कोपरा दिसला, जिथे सोनी कौलावर रेघा ओढत बसायची.

जैबू खांबाला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाळूला हुडकत हुता त्यो."

एवढ्या वर्षांत आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा निघालं.

मुमानी उठली. ऐरणीपाशी जाऊन खाली बसली, मातीतून खुराच्या कपच्या एकेक वेचल्या, पदरात झटकल्या आणि मायाप्पाच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिल्या.

"ह्ये त्याला घाल," ती म्हणाली. "पण तिघंबी बसल्यावर घाल."